पेढीच्या भिंतीवरील अक्षरे

गतवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही पेढीच्या भिंती नव्याने सजविल्या. काट्यामागील भिंतीवर डोलत्या शेताचे भव्य रंगीत चित्र व्हिनाइलवर छापून चिकटविले आणि हमाली-तोलाईचे दर त्यावरच पिवळ्या अक्षरांत घेतले. शोभा आली खरी. परंतु अक्षरे पिकाच्या रंगात बुडाली. एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, "शेठजी, दर झाकलेत काय?" आजवरच्या सचोटीवर आलेली ती शंका आम्हांस फार झोंबली.

मग जाणत्या रंगाऱ्याकडून शास्त्र समजून घेतले. अक्षर वाचले जाते ते पार्श्वभूमीशी असलेल्या रंगभेदामुळे. फिक्यावर गडद किंवा गडदावर फिके. उंचीचा ढोबळ हिशेब दहा फुटांस एक इंच. आमच्या दारापासून ती भिंत तीस फूट, म्हणून तीन इंच. ओलसर भिंतीवर किंवा ताज्या रंगावर तर व्हिनाइल धरतच नाही. रंग लावल्यावर काही आठवडे थांबावे लागते. आम्ही थांबलो नव्हतो. श्रावणात कडा सुटल्या.

आता तेथे कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर काळ्या अक्षरांत, मराठी व कन्नड दोन्ही भाषांत, दर लिहिले आहेत. पेढीचे नाव मात्र लहानच ठेविले. ते येणाऱ्यास ठाऊकच असते.