चिपचा कागदावरचा वेग

प्रोसेसरचा शिखर वेग काढायला चिप हाती असावी लागत नाही. कोअरची संख्या, घड्याळाचा वेग आणि दर ठोक्याला होणारी गणिते यांचा गुणाकार केला की आकडा तयार. पुण्यात टाटा समूहाच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने उभारलेल्या ‘एका’ या महासंगणकात इंटेलच्या झिऑन चिपचे १४,२४० कोअर होते. घड्याळ ३ गिगाहर्ट्‌झचे, म्हणजे सेकंदाला ३ अब्ज ठोके, आणि दर ठोक्याला ४ गणिते. गुणाकार येतो १७०.८८ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला जवळपास १७१ लाख कोटी गणिते. लिनपॅक या कसोटीत समीकरणांचा प्रचंड संच सोडवायला दिला, तेव्हा मात्र वेग भरला ११७.९. नोव्हेंबर २००७ च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत एकाला चौथा क्रमांक मिळाला तो या मोजलेल्या आकड्यावर.

या दोन आकड्यांमधला वेग वाट पाहण्यात जातो. कोअर गणित करायला मोकळा असतो, पण त्याला लागणारी संख्या अजून मेमरीतून किंवा शेजारच्या यंत्रातून पोचलेली नसते. जून २००८ मध्ये एकाचे कोअर १४,३८४ झाले, म्हणजे जेमतेम एक टक्का वाढले; मोजलेला वेग मात्र १३२.८ वर गेला, सुमारे तेरा टक्क्यांनी. चिप तीच होती. भिलाईतल्या दुकानात लॅपटॉप घेणाऱ्यालाही हेच लागू आहे: दोन चिपवर गिगाहर्ट्‌झचा आकडा सारखा असला तरी काम सारख्या वेगाने होईल असे नाही.

स्पर्धेत कागद आणि प्रत्यक्ष यांतला हा फरक फार महाग पडतो. एकामध्ये बसलेल्या झिऑनच्या वर्गातल्या चिपपेक्षा आपली ‘बार्सिलोना’ चाळीस टक्के सरस ठरेल, असे इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडीने २००७ च्या सुरुवातीला सांगितले होते. सप्टेंबरात ती आली तेव्हा तिचे घड्याळ २ गिगाहर्ट्‌झपर्यंतच होते, आणि पाठोपाठ सापडलेल्या दोषामुळे पुरवठा रखडला. रचना कितीही चांगली असो, कारखान्यातून ती कोणत्या घड्याळावर बाहेर पडेल हे आधी छातीठोक सांगता येत नाही.

पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने हा अनुभव त्याही आधी घेतला होता. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये झालेला परम ८००० हा महासंगणक ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटरवर चाले. या चिपला चार जोडण्या असत, त्यामुळे एकीला दुसरी जोडत मोठे यंत्र उभे करणे सोपे जाई. इनमॉसने पुढच्या टी९००० चिपसाठी दसपट वेगाचे आश्वासन दिले. चिप रखडली, ठरलेले घड्याळ तिला गाठता आले नाही आणि प्रतिस्पर्धी पुढे निघून गेले. परम ८६०० मध्ये इंटेलची आय८६० आली. तिचा शिखर वेग दिपवणारा होता, पण कंपायलरने तयार केलेल्या साध्या प्रोग्रॅमला त्यातला लहानसा हिस्साच मिळे.

सी-डॅकने यातून काढलेला मार्ग शहाणपणाचा होता. १९९४ च्या परम ९००० ची रचनाच अशी केली की प्रोसेसर बदलता यावा. सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क आणि अल्फा अशा तीन चिपवर त्याच्या आवृत्त्या निघाल्या. कोणती कंपनी जिंकणार याचा अंदाज बांधत बसण्याची गरजच त्यामुळे कमी झाली. परम पद्ममध्ये आयबीएमची पॉवर४ होती, परम युवामध्ये इंटेलची झिऑन, तर २०२० च्या परम सिद्धी-एआयमध्ये एएमडीची एपिक आणि एनव्हिडियाची ए१००.

आता सी-डॅकने स्वतःच्या ‘ओम’ प्रोसेसरचा आराखडा मांडला आहे. आर्मच्या रचनेवरचे ९६ कोअर, ३ गिगाहर्ट्‌झ, दर ठोक्याला १६ गणिते: गुणाकार ४.६ टेराफ्लॉप्स. हाही शिखर वेगच आहे. या चिपची खरी किंमत ती यंत्रात बसल्यावर लिनपॅकच्या आणि त्याहूनही अधिक हवामानासारख्या रोजच्या कामांच्या मोजणीतूनच ठरवावी लागेल.