पदराची उलटी बाजू

लग्नसराईत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादरच्या दुकानांत एकाच रंगाच्या, एकाच मोराच्या दोन पैठण्या समोर येतात. एक दोन-तीन हजारांची, दुसरी त्याच्या कितीतरी पट. लांबून फरक कळत नाही. मग हात बहुधा स्वस्त साडीकडेच जातो आणि त्याचा हिशेब नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात लागतो.

येवल्याची पैठणी एकट्या विणकराची नसते. बंगळुरूकडून रेशीम आणि सुरतेहून जर येते. रेशीम रंगवायचे, राहाटावर उकलून कांड्या भरायच्या. यातले बरेचसे काम घरातल्या बायकाच करतात. जुना ताणा संपत आला की त्याच्या हजारो टोकांना नव्या ताण्याचे एकेक टोक, बोटांना राख लावून, पीळ देत जोडायचे. त्यानंतर विणकर मागावर बसतो. काठाला नि अंगाला वेगळा धोटा, पदरावरच्या प्रत्येक रंगाला वेगळी कांडी. साध्या नक्षीची साडी काही आठवड्यांत उतरते, भरगच्च पदराची काही महिने घेते.

दुकानातली ती स्वस्त साडी, म्हणजे सेमी पैठणी, जॅकार्डच्या यंत्रमागावर झपाट्याने निघते. तिच्यामागे एवढे हात लागतच नाहीत.

‘होम मिनिस्टर’ या टीव्हीवरच्या कार्यक्रमाने पैठणीचे वेड घराघरांत पोहोचवले, हे मान्यच करायला हवे. पण मागणी वाढली म्हणून सगळे काम हातमागाला मिळाले असे नाही. १९८५च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवले, २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. दुकानाच्या काउंटरवर मात्र गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय या कागदांना कोण विचारतो?

सेमी घेणे हा काही गुन्हा नव्हे. प्रत्येकीची ऐपत सारखी नसते आणि यंत्रमागावरच्या कामगाराचेही घर त्यावरच चालते. राग यावा तो सेमीला ‘अस्सल येवला’ म्हणून खपवणाऱ्याचा. त्यात गिऱ्हाईक फसते आणि खऱ्या साडीची किंमत उगाच अवाच्या सवा वाटू लागते. विणकराला मग पडेल त्या मजुरीत काम करावे लागते. देशात हातमागावर जगणारे सुमारे ३५ लाख लोक २०१९-२०च्या गणनेत नोंदले गेले. त्यांत सुमारे ७२ टक्के बायका. मागणी आटली की झळ पोहोचते ती मुख्यतः त्यांनाच.

पारखायला तज्ज्ञ लागत नाही. पदर उलटा करून पाहावा. हातमागावर धागे एकमेकांत गुंतवून नक्षी भरतात, म्हणून मोर मागूनही जवळपास तसाच दिसतो. यंत्राच्या कापडावर मागे सुटे किंवा कापलेले धागे लोंबतात. हँडलूम मार्कचे लेबल मागावे, बिलावर ‘हातमाग’ असे लिहून घ्यावे. तेवढे लिहायलाही दुकानदार कां कू करू लागला, तर साडी खुशाल घडी घालून परत द्यावी.