डोळे उघडले, तरी अंधार उरला

आज नाताळ. ख्रिस्ती बांधवांच्या दारी आज आकाशकंदील लागले असतील, प्रार्थनामंदिरांत मेणबत्त्या तेवत असतील. प्रकाशाच्या या सणाला आंधळेपणाचे निरूपण कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु पूर्वरंगात रोग सांगितल्यावाचून उत्तररंगात औषधाची गोडी श्रोत्यांना कळत नाही, ही आम्हा हरिदासांची जुनी रीत आहे. शिवाय ख्रिस्ती धर्मग्रंथात मोक्षाची वार्ता जेथे जेथे येते, तेथे आंधळ्याला दृष्टी मिळाल्याचा दृष्टांत हटकून आढळतो.

योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, एका जन्मांध भिकाऱ्याची कथा आहे. त्याला पाहून शिष्य येशूला विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे? याच्या स्वतःच्या, की याच्या आईबापांच्या? वाचकहो, हा प्रश्न आपल्या कानांना मुळीच परका नाही. दारी आलेल्या दुःखिताकडे पाहून आपणही मनातल्या मनात त्याच्या संचिताचा हिशेब मांडतो, आणि तो मांडून झाला की हात आखडता घ्यायला आपल्याला सबब सापडते. येशू म्हणतो, पाप ना याचे, ना याच्या आईबापांचे. देवाची करणी याच्या ठायी प्रकट व्हावी म्हणून हे आहे. कर्मसिद्धांत मानणाऱ्या माझ्यासारख्याला हे उत्तर तर्काच्या कसोटीवर पुरते पटत नाही. पण त्या क्षणी त्या भिकाऱ्याला सिद्धांत नको होता, हेही तितकेच खरे.

मग येशूने थुंकीने माती कालवली, ती त्याच्या डोळ्यांना लावली आणि शिलोह नावाच्या तळ्यावर जाऊन धुवावयास सांगितले. यरुशलेम नगरीत या तळ्याच्या दगडी पायऱ्या २००४ साली सांडपाण्याच्या नळाचे काम चालू असता उघड्या पडल्या. तो गेला, त्याने डोळे धुतले, आणि त्याला दिसू लागले.

सामान्य कथेकरी येथेच आरती करून मोकळा झाला असता. योहान मात्र येथून खरी कथा सुरू करतो. ते दिवस शब्बाथाचे, विश्रांतीचे. त्या दिवशी माती कालवणे हेही काम, म्हणून परूशी नावाचे कर्मठ शास्त्री चौकशीस बसतात. आईबाप भिऊन हात झटकतात. मुलगा मात्र ठाम राहतो. ज्याने बरे केले तो पापी की पुण्यवान हे मला ठाऊक नाही. पूर्वी दिसत नव्हते, आता दिसते, एवढे मात्र ठाऊक आहे, असे तो सांगतो. शेवटी त्याला समाजाबाहेर घालवले जाते. या साऱ्या उलटतपासणीत त्याची भाषा कशी बदलत जाते ते पाहावे. प्रथम तो येशूला नुसता ‘एक मनुष्य’ म्हणतो, मग ‘संदेष्टा’ म्हणतो, पुढे ‘देवापासून आलेला’ म्हणतो, आणि बहिष्कृत झाल्यावर ‘प्रभू’ म्हणून पायांवर डोके ठेवतो. चर्मचक्षू एका धुण्यात उघडले. अंतश्चक्षूला मात्र पायऱ्या चढाव्या लागल्या.

मार्काच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायात तर याहून विलक्षण गोष्ट आहे. बेथसैदा गावच्या एका आंधळ्याच्या डोळ्यांवर येशूने हात ठेवला आणि विचारले, काही दिसते काय? तो म्हणाला, माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. तेव्हा येशूने दुसऱ्यांदा हात ठेवला, आणि मग त्याला स्वच्छ दिसले. प्रत्यक्ष अवताराच्या हाताला दुसऱ्यांदा स्पर्श करावा लागावा, हे मार्काने लपवले नाही. माणूस झाडासारखा दिसण्याची जी मधली अवस्था, तिच्याविषयी मला आज बोलावयाचे आहे. कारण देव भेटलेल्या अनेकांचे सारे आयुष्य त्या अवस्थेतच सरते.

आता आख्यान लावतो ते जॉन न्यूटन याचे. गुरुत्वाकर्षणाचा शोध लावणारा न्यूटन वेगळा; हा खलाशी. १७२५ साली लंडनमध्ये जन्मला. आई भाविक, तिने लहानपणीच प्रार्थना व स्तोत्रे पाठ करून घेतली. पण तो सात वर्षांचा होण्यापूर्वीच ती गेली. बाप जहाजाचा कप्तान. अकराव्या वर्षी पोर समुद्रावर गेले, आणि पुढे देवाधर्माची निंदा करण्यात त्याने असा लौकिक मिळवला की कसलेले खलाशीही कानांवर हात ठेवीत. सक्तीने आरमारात भरती, तेथून पलायन, फटके, आणि अखेर पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गुलामांच्या व्यापाऱ्याकडे उपाशीतापाशी चाकरी, असा त्याचा प्रवास झाला. तशा हालांतही हा तरुण वाळूवर काठीने आकृत्या काढून युक्लिडची भूमिती शिकत असे. विद्या आणि दृष्टी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आम्हा पोथीपंडितांनी येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१७४८ च्या मार्चमध्ये, स्वदेशी परतताना, अटलांटिक महासागरात त्याच्या गलबताला वादळाने गाठले. गलबताची एक बाजू फुटली, पाणी आत शिरले, आणि तासन् तास पाणी उपसता उपसता या निंदकाच्या तोंडून देवाच्या दयेची याचना निघाली. गलबत कसेबसे आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. त्या दिवसाची तिथी, नव्या पंचांगाप्रमाणे २१ मार्च, त्याने पुढे जन्मभर पाळली. गुरुकृपेचा दिवस जसा शिष्य पाळतो, तशी.

ख्रिस्ती मताप्रमाणे मोक्ष हा साधनेचे फळ नव्हे. तो कृपेने मिळतो, आणि ती कृपा येशूच्या द्वारेच लाभते, अशी त्यांची श्रद्धा. श्रीवैष्णवांत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असा भेद सांगतात. माकडाचे पिलू आपल्या बळाने आईला घट्ट धरते, मांजराच्या पिलाला आईच तोंडात धरून नेते. न्यूटनची निष्ठा या दुसऱ्या जातीची होती. आपण काही केले नाही, बुडत असता उचलले गेलो, असे तो अखेरपर्यंत मानीत आला. येशूवाचून मोक्ष नाही हे त्याचे मत आपण मानीत नाही. पण कृपेचा हा अनुभव आपल्या संतांनाही अपरिचित नव्हता.

उद्धार झाला. मग या उद्धरलेल्या माणसाने काय केले? तो गुलामांच्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून गेला. नंतर १७५० ते १७५४ या काळात स्वतः कप्तान होऊन त्याने तीन फेऱ्या केल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घ्यावयाची, बेड्या घालून तळघरात भरावयाची आणि महासागरापलीकडे नेऊन विकावयाची. रविवारी तो वरच्या तक्तपोशीवर खलाशांना जमवून ईश्वरप्रार्थना चालवीत असे. पायांखालच्या फळ्यांच्या खाली माणसे साखळदंडांत पडलेली असत. आणि याच फेऱ्यांमध्ये आपल्याला ईश्वराच्या सान्निध्याचे मधुर क्षण लाभले, असे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले. मला हे ढोंग वाटत नाही. ढोंग असते तर उलगडा सोपा होता. त्याची प्रार्थना खरी होती आणि तळघरही खरे होते.

१७५४ मध्ये त्याला झटका आला आणि समुद्र सुटला, तो प्रकृतीमुळे; विवेकामुळे नव्हे. पुढे लिव्हरपूलच्या बंदरात नोकरी करीत असता तो ग्रीक व हिब्रू शिकला, आणि १७६४ मध्ये ओल्नी या लहानशा गावी पाळक झाला. लोक गरीब, लेस विणून पोट भरणारे. प्रवचनाच्या विषयाला धरून तो स्वतः पदे रचीत असे, म्हणजे पाहा, आमचाच व्यवसाय. १७७३ च्या नववर्षदिनी दावीद राजाच्या प्रार्थनेवर निरूपण होते, त्यासाठी त्याने एक पद केले. तेच पुढे ‘अमेझिंग ग्रेस’ या नावाने जगभर गेले. १७७९ मध्ये ते पदसंग्रहात छापले गेले; आज ज्या चालीवर गातात ती १८३५ मध्ये अमेरिकेत जोडली गेली. त्या पदात योहानाच्या जन्मांधाची ती साक्ष न्यूटनने स्वतःच्या तोंडी घेतली आहे. आपण आंधळे होतो, आता दिसते, असे तो म्हणतो. आणि हे म्हणत असता, तळघरातील माणसांविषयी त्याने जाहीरपणे अद्याप एक अक्षरही काढले नव्हते.

ते अक्षर निघावयास आणखी पंधरा वर्षे लागली. दरम्यान तो लंडनच्या सेंट मेरी वुलनॉथ चर्चमध्ये आला होता. १७८५ मध्ये विल्यम विल्बरफोर्स हा तरुण लोकसभासद गुपचूप त्याच्या भेटीस आला. राजकारण सोडून देवाच्या मार्गी लागावे काय, असा त्याचा प्रश्न. न्यूटनने त्याला सभागृहातच राहण्याचा सल्ला दिला. त्याच विल्बरफोर्सने पुढे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झुंज उभारली. १७८८ मध्ये, वादळानंतर तब्बल चाळीस वर्षांनी, न्यूटनने त्या व्यापारावर एक पुस्तिका लिहिली. फडताळात पुस्तके लावावीत तशी माणसे ओळीने निजवलेली असत, हालचालीस जागा नसे, आणि सकाळी कधी जिवंत माणूस मेलेल्याशी साखळीने जखडलेला आढळे, हे त्याने तीत सांगितले. ही कबुली फार उशिरा येत आहे, असेही त्याने लिहिले. नंतर सरकारी चौकशीपुढे त्याने साक्ष दिली. आपल्याला तेव्हा का दिसले नाही, याचे उत्तरही त्याने दिले आहे. रूढी, इतरांचे उदाहरण आणि लाभ, या तिघांनी मिळून आपले डोळे झाकले होते, असे तो सांगतो.

हे तीन पडदे वाचताना माझे मन इंग्लंडात राहत नाही; ते सरळ पंढरीच्या महाद्वारी येते. नामदेव पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे. चोखोबांचे अभंग आम्ही शतकानुशतके टाळमृदंगाच्या गजरात गायिलो, आणि त्यांच्या जातीचा भाविक त्या समाधीच्या पुढे पाऊल टाकू शकत नव्हता. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा कोठे विठ्ठलाचे दार सर्वांसाठी उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. आत गाणारे सारे ढोंगी होते काय? मुळीच नव्हे. त्यांच्या डोळ्यांतले अश्रू खरे होते. त्यांना विठ्ठल दिसत होता, आणि पायरीवरचा माणूस झाडासारखा दिसत होता. आज दार उघडे आहे. पण विहिरीवर, स्मशानात, लग्नाच्या पंगतीत कोण कसा दिसतो, ते ज्याने त्याने आपल्या गावी पाहावे. भीष्मपर्वाच्या आरंभी व्यास धृतराष्ट्राला युद्ध पाहण्यासाठी दृष्टी देऊ करतात आणि तो राजा ती नाकारतो. स्वकीयांचा वध मला पाहवणार नाही, तो नुसता ऐकेन, म्हणतो. दृष्टी देणारा दारी आला असता नको म्हणणारे आंधळेपण ते हे.

जाता जाता एक धागा आपल्या मराठीचा. न्यूटनच्या उपदेशाने वळलेला क्लॉडियस बुकॅनन कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात उपप्रमुख झाला. तेथेच विल्यम कॅरी मराठी शिकवीत असे, आणि त्याचे मराठी भाषेचे व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापले गेले. असो.

म्हातारपणी न्यूटनची दृष्टी गेली. अक्षर दिसेना, तरी तो व्यासपीठावर चढत राहिला. १८०७ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या संसदेने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला; खुद्द गुलामगिरी नाहीशी करणारा कायदा व्हावयास १८३३ साल उजाडावे लागले. पहिल्या कायद्याची वार्ता ऐकावयास न्यूटन जिवंत होता. त्याच वर्षी २१ डिसेंबरला, नाताळच्या चार दिवस आधी, त्याने देह ठेवला. थडग्यावरचा लेख त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. आपण एकेकाळी नास्तिक व स्वैराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचेही चाकर होतो, आणि येशूच्या कृपेने वाचलो, अशा आशयाचा तो लेख आहे. कप्तान म्हणून केलेल्या तीन फेऱ्यांचा उल्लेख त्या दगडावर नाही. तो १७८८ च्या पुस्तिकेत आहे.