चर्चच्या दारात लहान मुलांच्या शर्टावर स्टिकर का लावतात?

रविवारची सकाळ. अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या चर्चच्या दारात पालकांची रांग लागलेली असते. आई टॅबलेटवर मोबाईल नंबर टाकते, मुलाच्या नावावर टॅप करते आणि शेजारच्या प्रिंटरमधून दोन स्टिकर बाहेर येतात. एक मुलाच्या शर्टावर लागतं, दुसरं आईकडे राहतं. दोन्हींवर एकच कोड.

मग आई प्रार्थनेला जाते आणि मूल संडे स्कूलच्या वर्गात. नंतर न्यायला येणाऱ्याकडे तोच कोड हवा. नसेल तर आधी ओळख पटवा, मग मूल मिळेल. दर रविवारी कोड नवा, त्यामुळे मागच्या आठवड्याचं स्टिकर चालत नाही. या पद्धतीला ‘चेक-इन’ म्हणतात. प्लॅनिंग सेंटर, किडचेक अशा कंपन्या त्याचं सॉफ्टवेअर पुरवतात.

पण चर्चमध्ये एवढा बंदोबस्त कशाला?

पन्नास माणसांच्या चर्चमध्ये कुणाचं मूल कोणतं, हे सगळ्यांना माहीत असतं. हजार-दोन हजार लोक येतात तिथे वर्ग सांभाळणारे स्वयंसेवकही आलटूनपालटून येतात. दारात उभा असलेला माणूस बाबा आहे की काका, हे त्यांना कसं कळणार? आणि बाबाच असला, पण घटस्फोटानंतर कोर्टाने मुलाचा ताबा आईकडे दिला असेल तर? अशी नोंद सिस्टिममध्ये करून ठेवता येते. शेंगदाण्याची ॲलर्जी तर थेट स्टिकरवरच छापतात. खाऊ वाटताना रजिस्टर कोण उघडून बघणार!

मग मुलं सुरक्षित झाली का?

अर्धीच. स्टिकर बाहेरच्या माणसाला अडवतं, आतल्याला नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात आरोपी बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. तिथे उपयोगी पडतात ते जुनेच नियम: स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासणं, वर्गात कायम किमान दोन मोठी माणसं असणं, दाराला काच असणं. प्रिंटर विकत घेणं त्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

दुसरा प्रश्न डेटाचा. मुलाचं नाव, फोटो, आजार, घरातला ताब्याचा वाद, सगळं एका सर्व्हरवर जातं. अमेरिकेचा १९९८ चा ‘कोपा’ कायदा १३ वर्षांखालच्या मुलांकडून ऑनलाइन घेतलेल्या माहितीपुरता आहे. इथे माहिती पालकच भरतात. शिवाय ना-नफा संस्थांना तो सहसा लागू होत नाही.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. धार्मिक संस्थांना त्यातून सरसकट सूट नाही. म्हणजे वसईतलं एखादं चर्च उद्या संडे स्कूलची हजेरी ॲपवर घेऊ लागलं, तर हा नियम त्यालाही बघावा लागेल. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.