परवचा आणि मुलांचा मेंदू

मूल चार-पांच वर्षांचें झालें, म्हणजे त्याला काय शिकवावें व कसें शिकवावें, याची चिंता घरांतील सर्व वडील माणसांस लागते. आजोबांचा कटाक्ष पाढ्यांवर असतो, आईला इंग्रजी अक्षरांची घाई असते, आणि काकांनीं ‘मेंदू जागृत करणाऱ्या’ एखाद्या वर्गाची जाहिरात आणलेली असते. अशा वर्गांतून ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ या भारदस्त नांवाखालीं मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांजकडून वाचून घेण्यांत येतें, व त्याबद्दल आईबापांपासून हजारों रुपये घेतले जातात. वस्तुतः मध्यमेंदू जन्मापासून काम करीतच असतो. तो निजलेला असता तर मुलास डोळेहि नीट फिरवितां आले नसते. पट्टीखालीं नाकाच्या कडेनें जी बारीक फट राहते, तींतून मूल वाचतें. ती फट बुजविली कीं वाचन संपतें. पैसा गेला तो गेलाच; पण आपण फटींतून पाहतों आणि तें वडिलांस सांगावयाचें नाहीं, हा जो धडा मूल तेथें शिकतें, त्याची भरपाई कोण करणार?

मग मेंदूच्या शास्त्राला गृहस्थानें विचारण्यासारखें कांहींच नाहीं काय? पुष्कळ आहे. आणि आश्चर्य हें, कीं त्या शास्त्रांतील जे सिद्धान्त आज पक्के ठरले आहेत, त्यांतील कित्येकांस आपल्या घरच्या परवच्यांत आधींच जागा आहे. दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढें बसावें, शुभंकरोति म्हणावें, मग पाढे, वार, महिने, नक्षत्रें व श्लोक म्हणावे, हा तो परवचा. तो मोडीत काढण्याची घाई नको. तसाच तो जसाच्या तसा चालविण्याचा हट्टहि नको. त्यांतील कोणता भाग मेंदूस मानवतो व कोणता मानवत नाहीं, एवढेंच आज पाहूं.

जन्माच्या वेळीं मुलाच्या मेंदूचें वजन प्रौढ मेंदूच्या सुमारें पावपट असतें. सहाव्या वर्षाच्या सुमारास तें नऊ-दशांशाच्या आसपास जातें. मेंदूंतील मज्जापेशी बहुतेक जन्मतःच असतात. वाढतात व बदलतात ते त्यांना परस्परांशीं जोडणारे सांधे. जो सांधा वारंवार वापरांत येतो तो बळकट होतो, जो वापरांत येत नाहीं तो झडून जातो. शिकणें म्हणजे असे सांधे बळकट करणें होय.

परंतु हे सांधे एका बैठकींत पक्के होत नाहींत. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें स्वतःवरच प्रयोग करून १८८५ सालीं स्मरणशक्तीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थहीन अक्षरांच्या मालिका तो पाठ करी, आणि कांहीं काळानें त्या पुन्हां पाठ करतांना किती श्रम वांचतात तें मोजी. एका दिवसानें पहिल्या श्रमांपैकीं सुमारें एक-तृतीयांशच वांचत, आणि एका महिन्यानें एक-पंचमांश. मात्र त्यालाच असेंहि आढळलें, कीं एकाच दिवशीं ६८ वेळां घोकून जें फळ मिळे, तेंच तीन दिवसांत वांटून केलेल्या ३८ आवृत्तींनीं मिळे. रविवारीं मुलास दोन तास बसवून आठवड्याचे पाढे एकदम घोटून घेणाऱ्या वडिलांनीं हे दोन आंकडे लक्षांत ठेवावे. रोजचीं पंधरा मिनिटें हीच परवच्याची खरी शक्ति.

दुसरा सिद्धान्त आठवण्याचा. रोडिगर व कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटानें एक उतारा वाचण्यांत चार पाळ्या घालविल्या. दुसऱ्यानें पहिली पाळी वाचनांत व पुढल्या तीन, उतारा न पाहतां, आठवून लिहिण्यांत घालविल्या. पांच मिनिटांनीं पाहिलें तों वाचणारे पुढें होते. परंतु आठवड्यानें वाचणारांस उताऱ्याचा शेंकडा ४० भाग आठवला, तर आठवून लिहिणारांस शेंकडा ६१. हे विद्यार्थी मोठे होते. तथापि पुढें शाळेंतील मुलांतहि हीच प्रवृत्ति दिसून आली आहे. परवच्यांत पुस्तक मिटलेलें असतें, हें म्हणूनच महत्त्वाचें. मूल अडखळलें कीं लगेच पुढला शब्द पुरवूं नये. चार क्षण थांबावें, कारण त्या शोधांतच सांधा बळकट होत असतो.

आपल्या वैदिकांनीं ही गोष्ट प्रयोगशाळेवांचून ओळखली होती. क्रमपाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें अशीं पदें जोडीनें येतात. जटापाठांत प्रत्येक जोडी सरळ, उलट व पुन्हां सरळ म्हणावी लागते. जेम्स हार्टझेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या २१ पंडितांच्या मेंदूंचीं चित्रें घेऊन तीं इतर २१ जणांच्या चित्रांशीं ताडून पाहिलीं. त्यांचा निबंध २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. भाषा व स्मरण यांच्याशीं संबंध असलेल्या कित्येक भागांत पंडितांचें करडें द्रव्य अधिक आढळलें. ही गोष्ट अभिमानास्पद खरी. पण त्या पंडितांनीं वर्षानुवर्षें तासन् तास अध्ययन केलेलें होतें, आणि हा फरक केवळ त्या अध्ययनानेंच पडला कीं काय, हें एका वेळच्या चित्रांवरून ठरत नाहीं. चार श्लोक म्हणणाऱ्या बालकाची बुद्धि त्यायोगें दुप्पट होईल, असें कोणीं सांगितल्यास सुज्ञांनीं त्यावर विश्वास ठेवूं नये.

आतां परवच्यांतील वैगुण्य. पहिलें, अर्थावांचून घोकंपट्टी. एका वेळीं मनुष्याच्या ध्यानांत तीन-चारच सुट्या गोष्टी टिकतात. लहान मुलाच्या त्याहूनहि कमी. अर्थाच्या दोरीनें बांधल्या, म्हणजे अनेक गोष्टींची एक मोट होते. सवायकी धडाधड म्हणणारीं मुलें ‘सव्वा म्हणजे किती?’ असें विचारतांच गप्प बसलेलीं आम्हीं वर्गांत पुष्कळदां पाहिलीं आहेत. ‘पांच सवाया सव्वासहा’ शिकविण्यापूर्वीं पांच ताटांत एकेक भाकरी व एकेक चतकोर मांडून दाखवावा. चार चतकोरांची एक भाकरी झाली. पांच आणि एक सहा. उरला एक चतकोर. मग पाढा पाठ करावा. पाठांतर टाकावयाचें नाहीं. त्याच्या आधीं भाकरी मांडावयाची.

दुसरें वैगुण्य धाकाचें. भ्यालेल्या मुलाचें लक्ष पाढ्यावर नसतें, वडिलांच्या हातावर असतें. चूक झाली तर बरोबर उत्तर शांतपणें सांगावें, व थोड्या वेळानें तेंच पुन्हां विचारावें. तिसरें जागरणाचें. दिवसा शिकलेलें झोपेंत पक्कें होतें, असें आजचें शास्त्र सांगतें. अमेरिकेंतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेनें २०१६ सालीं तीन ते पांच वर्षांच्या मुलांस चोवीस तासांत १० ते १३ तास, व सहा ते बारा वर्षांच्या मुलांस ९ ते १२ तास झोप सांगितली आहे. रात्रीं अकरापर्यंत दूरदर्शनसंच वा मोबाइल चालू असलेल्या घरांत ही झोप यावी कोठून?

तेव्हां आमची सूचना एवढीच. दिवेलागणीला पाव तास काढावा. आधीं कालचें विचारावें, मग गेल्या आठवड्याचें, आणि शेवटीं नवी गोष्ट एकच द्यावी. मुलगा व मुलगी दोघांसहि बसवावें. आईबाप कचेरींतून उशिरां येत असतील, तर आजीनें गोष्ट सांगावी व दुसऱ्या दिवशीं ती नातवंडाकडूनच ऐकावी. आजोबांनीं पाढे विचारावे, आत्यानें भाकरी मांडावी. एकत्र कुटुंबांत अशी सवड असलेलें एखादें माणूस बहुधा असतेंच, आणि त्यास फी द्यावी लागत नाहीं. वर्गाच्या जाहिरातीवर सही करण्यापूर्वीं घरोघर हा प्रयोग एक महिना करून पाहावा, व मग काय तें ठरवावें.