आधी कागद दाखवा

आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात वसुलीच्या फोनांनी धास्तावलेली माणसे येतात. त्यांतल्या ज्यांनी कर्ज घेतलेलेच नसते, त्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. कटकट मिटावी म्हणून तीही पैसे भरायला तयार झालेली असतात.

ब्लाउज शिवून घर चालवणाऱ्या एक ताई अशाच आल्या. त्यांच्या पॅनकार्डावर कुणीतरी अ‍ॅपवरून कर्ज उचलले होते. “आत्ता दोन हजार टाका, बाकीचं नंतर बघू,” असे वसुलीवाला सांगत होता आणि ताईंनी पैसे काढूनही ठेवले होते. आम्ही त्यांना थांबवले. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा कर्जासाठी दावा लावण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी सही करून लेखी कबुली दिली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. लेखी नोंद ठेवून थोडी रक्कम भरली, तरी तेच होते. शिवाय जे कर्ज आपले नाही त्याचे दोन हजार भरले, की ते आपले नव्हते हे पटवणे अवघड होऊन बसते.

पुढचा फोन आमच्यासमोरच आला. आम्ही कागदावर लिहून दिलेली वाक्ये ताईंनी वाचली : “हे कर्ज मला मान्य नाही. तुमचं नाव, एजन्सीचं नाव आणि कर्ज खात्याचा क्रमांक सांगा. पुढचं सगळं लेखी पाठवा.” वाद घातला नाही. आधार क्रमांक, जन्मतारीख, ओटीपी यांतले काहीही सांगितले नाही. फोन ठेवल्यावर वहीत तारीख, वेळ, नंबर आणि तो काय बोलला हे टिपले. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. नातेवाइकांत बदनामी करण्यालाही मनाई आहे. म्हणून वहीतली प्रत्येक वेळ पुढे तक्रारीत कामाला येते.

मग आम्ही क्रेडिट रिपोर्ट काढला. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात अ‍ॅपच्या मागे असलेल्या बँकेचे नाव सापडले, तेव्हा कुठे पत्र कुणाला लिहायचे ते ठरले. पत्र बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला गेले : ईमेलने, आणि पोच मिळावी म्हणून स्पीड पोस्टनेही. सोबत १९३० या हेल्पलाइनवर नोंदवलेल्या सायबर तक्रारीचा क्रमांक दिला. करारनामा, केवायसीचे कागद आणि खात्याचा उतारा मागितला. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एकच होता : कर्जाची रक्कम कोणत्या बँक खात्यात जमा झाली? डिजिटल कर्जाची रक्कम एरवी थेट कर्जदाराच्याच खात्यात जायला हवी, असा नियम आहे. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत प्रकरण वसुली एजन्सीकडे पाठवू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २००८ मध्येच बजावले होते. तेही पत्रात लिहिले.

तरीही एक माणूस ताईंच्या दारात आलाच. ताईंनी शेजारणीला बोलावून घेतले आणि उंबऱ्यातूनच ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागितले. अधिकारपत्र त्याच्याजवळ नव्हते. रोख द्यायची नाही, कशावरही सही करायची नाही आणि धमकी दिली तर ११२ लावायचा, हे ताईंना आधीच सांगून ठेवले होते. तशी वेळ आली नाही. तो निघून गेला.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला पैसे पडत नाहीत. क्रेडिट रिपोर्टमधली चूक तीस दिवसांत निस्तरली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद २०२४ पासून लागू झाली आहे. ताईंना लोकपालापर्यंत जावे लागले नाही. ज्या खात्यात रक्कम गेली ते त्यांचे नव्हते, हे बँकेने मान्य केले आणि कर्जाची नोंद काढून टाकल्याचे लेखी कळवले. ते पत्र जपून ठेवा, असे आम्ही त्यांना बजावले. बँका थकलेली खाती दुसऱ्या कंपन्यांना विकतात, त्यामुळे जुनी मागणी नव्या नावाने पुन्हा उभी राहू शकते.

एक सावधगिरी मात्र सर्वांनी बाळगावी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ‘लोकअदालतीच्या नोटिशी’ला घाबरू नये. ती खरी आहे का, याची खातरजमा करावी. लोकअदालतीत दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय तडजोड होत नाही. पण न्यायालयाचे खरे समन्स आले, तर ते बाजूला ठेवू नये. वकील गाठून मुदतीत उत्तर द्यावे. गैरहजर राहिलात, तर खोटी मागणीही हुकूमनाम्यात बदलू शकते.

घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे. अडचण असेल, तर बँकेशी बोलून हप्ते बदलून घ्यावेत. पण जे देणे आपल्याला मान्य नाही, ते आधी सिद्ध करण्याची जबाबदारी मागणाऱ्याची आहे. तो पुरावा मागताना कुणीही अपराध्यासारखी मान खाली घालू नये.