धो धो पावसात आरे-वारे

रत्नागिरीत वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, त्यात जुलै सगळ्यात जोरकस. तरी सायकलवाल्यांची टोळकी पहाटे आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला निघतातच. अंतर जेमतेम 25 किलोमीटर. पण चढ असे, की रेनकोटच्या आत माणूस घामानेच भिजतो!

खरी परीक्षा उतारावर. रिम ब्रेकचं रबर आधी रिमवरचं पाणी पुसतं, मग पकड घेतं. म्हणून जाणकार वळणाच्या बरंच आधी ब्रेक हलकेच दाबू लागतात. डिस्क ब्रेकवाल्यांना ही कटकट कमी, पण शेवाळलेल्या कडेवर टायरच घसरला तर तेही हतबल.

मडगार्ड हवंच, निदान मागच्याच्या तोंडासाठी.

परतल्यावर साखळी पुसून तेल द्यायचं. खाऱ्या हवेत गंज लवकर चढतो.